‘स्लाव्ह’ ह्या नांवाची कुळकथा

रशियन, पोलिश, चेक, सर्ब, बल्गेरियन इत्यादि भाषा बोलणाऱ्या लोकांस मिळून ‘स्लाव्ह’ म्हणतात. इंग्रजींत गुलामास ‘स्लेव्ह’ असा शब्द आहे. हें साम्य पाहून, मूळचे गुलाम म्हणून त्यांस हें नांव पडलें, असा समज सहज होतो. परंतु इतिहासाचा क्रम नेमका उलट आहे.

ह्या लोकांचें स्वतःचें जुनें नांव ‘स्लोवेने’. इसवी सनाच्या सहाव्या शतकांत ते डॅन्यूब नदीपर्यंत आले, तेव्हां ग्रीक भाषेंत लिहिणारा प्रोकोपियस व लॅटिन भाषेंत लिहिणारा यॉर्डानेस ह्यांनीं तें टिपून ठेविलें. ग्रीक व लॅटिन शब्दांच्या आरंभीं ‘स्ल’ हें जोडाक्षर येत नसे. म्हणून मध्यें ‘क’ शिरला व ‘स्क्लावेनी’ असें रूप झालें. त्या काळीं स्लाव्ह बोलींतील ऱ्हस्व ओकार अकारासारखा उच्चारीत. परकीयांच्या कानीं तोच पडला. पुढें घरीं अकाराचा ओकार झाला. ‘स्लोव्हाक’ व ‘स्लोव्हेन’ ह्या नांवांत तो अद्याप टिकून आहे.

मध्ययुगांत युद्धांत धरलेले अनेक स्लाव्ह पश्चिम युरोपांत व मुसलमानी स्पेनमध्यें विकले गेले. त्यामुळें लॅटिन ‘स्क्लावस’ ह्या जातिवाचक शब्दास ‘गुलाम’ असा अर्थ आला. इंग्रजी ‘स्लेव्ह’ त्याचाच वंशज; इटालियन लोकांचा ‘चाव’ हा नमस्कारहि मूळचा ‘आपला दास’ असाच.

मग मूळ अर्थ कोणता? पुष्कळ पंडित हें नांव ‘स्लोवो’ म्हणजे शब्द, ह्याच्याशीं जोडतात. ज्यांचे शब्द परस्परांस कळतात ते स्लोवेने. ज्यांचे कळत नाहींत ते जर्मन शेजारी ‘न्येमेत्स’, म्हणजे मुके. आपल्याकडील ‘म्लेच्छ’ शब्दाच्या धातूचाहि अर्थ अस्पष्ट बोलणें असाच आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, नांवांतील प्रत्यय बहुधा स्थलनामांस लागतो. तेव्हां एखाद्या विस्मृत नदीचें वा स्थळाचें नांव त्यांत दडलें असावें.

‘स्लोवो’चें नातें मात्र निर्विवाद आहे. मूळ भाषेंतील तालव्य ककाराचा ग्रीकांत ‘क’, संस्कृतांत ‘श’ व स्लाव्ह भाषांत ‘स’ होतो. लकाराच्या जागीं संस्कृतांत रकार येतो. म्हणून ग्रीक ‘क्लेओस’, संस्कृत ‘श्रवस्’ आणि ‘स्लोवो’ हीं सख्खीं भावंडें. श्रवण व श्रुति हे शब्द त्याच ‘श्रु’ धातूचे.

तात्पर्य, ‘गुलाम’ हा अर्थ त्या नांवांत मुळांत नव्हता. माणसें विकणाऱ्यांनीं व विकत घेणाऱ्यांनीं तो त्यास चिकटविला. तो कलंक बाजाराचा आहे, नांवाचा नव्हे.