खडकाचे मार्क आणि पाण्याचा घोळ

विशाखापट्टणमला जमिनीखाली १३.३ लाख टन कच्चं तेल मावेल अशा गुहा खोदल्या आहेत. तेल थेट खडकात, पोलादी अस्तर नाही! असा खडक टिकेल का, हे जोखायला आम्ही ‘क्यू’ काढतो. १९७४ साली नॉर्वेत निक बार्टन आणि दोन सहकाऱ्यांनी तो मांडला, खोदून झालेल्या सुमारे २०० कामांचे अनुभव पडताळून. खडकाचे तुकडे किती मोठे, भेगा किती खरखरीत, पाणी-ताण किती, यावरून मार्क.

पाणी झिरपलं की मार्क कापले जातात. बोगद्यासाठी ठीकच. तेलाच्या गुहेत मात्र भोवतालचं भूजलच तेल अडवून धरतं. ते कमी पडू नये म्हणून वरच्या खडकात भोकं पाडून मुद्दाम पाणी सोडतात. दाब घटला तर वायू निसटतो, वाढला तर छताचे ठोकळे सैल होऊ शकतात. म्हणून ‘क्यू’ चांगला आला तरी मी भूजलाचा दाब वेगळा तपासते.