शिक्का कुणाचा, गोष्ट कुणाची? 'उचल्या' आणि कथनोपचार

समजा, तुम्ही वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात मुलाखती घ्यायला गेलात. विमुक्त समाजातले एक आजोबा समोर बसलेत आणि तुम्ही पहिलाच प्रश्न टाकलात, "तुमच्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का कसा बसला?" झालं! त्यांनी तोंड उघडण्याआधीच त्यांची गोष्ट तुम्ही सुरू करून टाकली. ही सवय किती जुनी आहे, बघा.

१८७१ मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा करो वा न करो, नोंद झालेल्या जमातीत जन्मलेला माणूस संशयितच. पोलिसांकडे नोंदणी, हजेरी, फिरण्यावर बंधनं. सुरुवातीला उत्तर भारतात लागू झालेला हा कायदा १९११ नंतर इतर प्रांतांतही पसरला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, म्हणून या जमाती 'विमुक्त'. कागदावरचा शिक्का पुसला गेला, लोकांच्या तोंडचा नाही.

१९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' आलं. हिणवण्याचा शब्दच त्यांनी पुस्तकाचं नाव केला. चोऱ्या लपवल्या नाहीत, पण त्यांच्याशेजारी भूक आणि पोलिसांचा मारही मांडला. त्यामुळे चोरी रक्तातली न राहता परिस्थितीतली ठरली. शिवाय 'चोर' या साच्यात न बसणारी शाळा, सूतगिरणी, कामगारांची चळवळही पुस्तकात आली.

आता मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांचा कथनोपचार घ्या; त्यांचं गाजलेलं पुस्तक १९९० चं. यात समुपदेशक माणसाला समस्येपासून वेगळं करून बघतो. जुन्या कथेला छेद देणारे प्रसंग शोधतो. नवी कथा ऐकायला साक्षीदारही बोलावतो. 'उचल्या'चे साक्षीदार म्हणजे वाचक. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यातलाच म्हणता येईल.

पण प्रबंधात जपून लिहा. आत्मकथन म्हणजे उपचार नव्हे. साम्य दाखवता येतं. प्रभाव म्हणायचा तर पुरावा लागतो. आणि गोष्ट बदलली म्हणून जमीन किंवा जातीचा दाखला हातात पडत नाही, हेही विसरू नका.

मग आजोबांना काय विचाराल? "आजोबा, तुमची गोष्ट कुठून सुरू करायची?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. कदाचित ती गुन्ह्यापासून सुरू होणारच नाही.