कोश पाठ असलेला मुलगा : 'इन्फिनिट जेस्ट'च्या शब्दार्थांविषयी

डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांची 'इन्फिनिट जेस्ट' ही कादंबरी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. स्पर्धात्मक टेनिसचे शिक्षण देणारी एक निवासी अकादमी आणि त्याच टेकडीच्या पायथ्याचे व्यसनमुक्तिगृह यांभोवती रचलेली ही हजारावर पृष्ठांची संहिता ३८८ अंत्यटीपा घेऊन येते. दुर्बोधता हा तिच्यावरील पहिला आक्षेप ठरला आणि शब्दार्थ पुरवणे हा तिच्या अभ्यासकांचा पहिला उद्योग. स्टीफन बर्न यांची वाचक-मार्गदर्शिका २००३ मध्ये आली, ग्रेग कार्लाइल यांचे विस्तृत विवेचन २००७ मध्ये.

या उद्योगाची गरज नाकारता येणार नाही. शीर्षक 'हॅम्लेट'मधील स्मशानप्रवेशातले, यॉरिकच्या कवटीपाशी उच्चारलेले, हे ध्यानात आले नाही तर मृत पित्याची छायाच हरवते. जुने चेंडू अण्वस्त्रे मानून मुले जो खेळ खेळतात त्याचे 'एस्कटॉन' हे नाव ग्रीकमधील 'अंतिम' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. 'फॅन्टॉड्स' हा शब्द तर 'हकलबेरी फिन'मध्येही भेटतो.

परंतु शब्दार्थ दिला की शब्द उलगडला, हे गृहीतक या कादंबरीपुरते तरी तपासून घ्यावे लागते. हॅल इन्कंडेन्झा या तरुण खेळाडूला ऑक्सफर्ड कोश मुखोद्गत आहे. त्याची आई व्याकरणशुद्धतेची कडवी पुरस्कर्ती आहे. (वॉलेस यांच्या मातोश्री इंग्रजीच्या अध्यापिका व व्याकरणविषयक पुस्तकाच्या लेखिका होत्या, या साम्यावर फार भार टाकू नये.) प्रारंभीच्या एका प्रकरणात दहा वर्षांच्या हॅलला एका 'व्यावसायिक संभाषणकारा'कडे पाठवले जाते. तो वेषांतर केलेला त्याचा पिताच असतो. आपला मुलगा बोलतच नाही, अशी या पित्याची पक्की समजूत आहे. याच भेटीत 'विनवणी करणे' या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाची व्याख्या मुलगा कोशातून घडाघडा म्हणून दाखवतो. विनवणी करणारा समोर बसला आहे. मुलाजवळ आहे ती केवळ व्याख्या, आणि पित्याला तीही ऐकू येत नाही. टीपाकाराने येथे क्रियापदाचा अर्थ द्यावा, तर तो हॅलने आधीच दिलेला आहे.

अंत्यटीपांमुळे वाचक जाळीपलीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या चेंडूसारखा होतो, असे एक रूपक समीक्षेत रूढ आहे. ते चटकदार असले तरी वरवरचे आहे. पित्याच्या चित्रपटांची समग्र सूची चोविसाव्या टीपेत घातली आहे, म्हणजे कुटुंबाचा इतिहास जेथे सापडतो ती जागा मजकुराबाहेरची आहे. ही टीप कोणत्याही अवघड शब्दाचे स्पष्टीकरण करीत नाही. घरात जे बोलले गेले नाही ते ती नोंदवते.

कालक्रमाने शेवटचा प्रसंग कादंबरीच्या आरंभी येतो. ॲरिझोना विद्यापीठात प्रवेशासाठी मुलाखत चालू आहे. हॅल आपले वाचन आणि आपली मते शुद्ध, सुघटित वाक्यांत सांगतो; निदान वाचकाला तसेच वाचायला मिळते. समोरच्या अधिष्ठात्यांच्या कानी मात्र पशूचे आवाज पडतात आणि ते त्याला जमिनीवर दाबून धरतात.