बिरसीची पट्टी

बिरसी म्हटलं की गोंदियाच्या माणसाला धावपट्टी आठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रजांनी ती बांधली. मला मात्र बिरसी म्हटलं की दुसरीच पट्टी आठवते. माझ्या खालाची, काळी चार.

खाला लग्नाच्या घरी हळदी-मेहंदीची गाणी म्हणायची. वाद्य म्हणजे फक्त ढोलकी, तीही नसली तर परात. आमच्या घरात गाण्याबद्दल दोन मतं होती. मामूंना ते पसंत नव्हतं, नानी मात्र स्वतःच गायची. त्यामुळे ही गाणी बायकांच्या खोलीतच राहिली. कोणी लिहिली नाहीत, कोणी टेप केली नाहीत. खाला सत्तरीला आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती गेली की ही गाणीही जातील. म्हणून मागच्या हिवाळ्यात मी आणि भाचा तिच्याकडे गेलो. भाचा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर त्याचा मुक्काम आज या गावात, उद्या त्या गावात. नाटकवाले ज्याला ऑर्गन म्हणतात तो आता तालासकट साथ देणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो.

खालाने नेहमीच्या पट्टीत सुरुवात केली आणि तार षड्जाला आवाज फाटला. ती हसली, पण डोळे हसले नाहीत. भाच्याने ट्रान्सपोजचं बटण तीनदा दाबलं. आता वरचा सूर लागला, पण खालचा पंचम घशातच राहिला. मग एक पायरी वर चढवली. काळी तीन. तिथे दोन्ही टोकं गळ्यात बसली.

अर्ध्या मिनिटाचं काम. पण या अर्ध्या मिनिटामागे दीडशे वर्षांचं भांडण आहे.

पेटी मुळात आपली नाही. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबाँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या पेढीने ती हाताने भाता मारायची केली, आणि जमिनीवर बसून गाणाऱ्या देशाला ती सोयीची झाली. कीर्तनात, कव्वालीत, संगीत नाटकात ती शिरली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला मान मिळवून दिला.

तिची सोय कशात होती? तिच्या सप्तकात बारा सारख्या पायऱ्या आहेत. सगळ्या सारख्या असल्यामुळे कोणतीही पट्टी 'सा' धरता येते. बाईचा गळा काळी चारचा असो की पुरुषाचा काळी एकचा, पेटीवाला बोटं सरकवतो आणि गाणं सुरू होतं. सारंगीचं तसं नसतं. 'सा' बदलला की पस्तीसच्या आसपास तरफा पुन्हा मिळवत बसावं लागतं. सारंगिये बहुतेक मुसलमान घराण्यांतले. गळ्याच्या सर्वांत जवळ जाणारं वाद्य त्यांच्याकडे होतं, पण पेटी स्वस्त होती, शिकायला सोपी होती आणि लगेच तयार असायची. सारंगीची जागा ती हळूहळू घेत गेली. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला होता, हे आपण अभिमानाने सांगतो. सारंगियांच्या पुढच्या पिढ्यांचं काय झालं, ते फारसं सांगत नाही.

पण या सोयीची किंमत होती. सारख्या पायऱ्या करायच्या तर प्रत्येक स्वर थोडा हलवावा लागतो. संगीतशास्त्रज्ञ सप्तकाचे १२०० भाग करतात. शुद्ध गांधार ३८६ व्या भागाजवळ येतो, पेटीत तो ४०० वर असतो. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो चढा लागतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. त्या श्रुतींच्या प्रयोगांत देवलांना साथ होती किराना घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची. खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथे आजही त्यांच्या नावाने गाणं होतं.

श्रुतींची पेटी चालली नाही. मला वाटतं, एक कारण याच पट्टीच्या गोष्टीत आहे. एका 'सा'ला धरून सगळे स्वर अचूक लावले, की 'सा' हलवला की अचूकपणा गेला. एका गळ्याला नेमकी बसणारी पेटी दुसऱ्याच्या उपयोगाची राहत नाही. आणि पेटी तर साऱ्या गावाला हवी होती.

मग १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं. टागोरांसारख्या माणसाचाही तिला विरोध होता. म्हणजे बिरसीला धावपट्टी होत होती त्याच वर्षी रेडिओवरून पेटी उतरवली गेली. स्वातंत्र्य आलं तरी बंदी राहिली. १९७१ मध्ये ती सैल झाली, तीही साथीपुरती. आरोप हाच की तिचे स्वर ठोकळेबाज आहेत. पण ज्या दोषासाठी तिला बाहेर काढलं, त्याच दोषामुळे ती कोणत्याही गळ्याला साथ देऊ शकत होती. गावोगावच्या कव्वालांनी आणि भजनीमंडळांनी रेडिओची परवानगी कधी मागितलीच नाही.

भाच्याचा कीबोर्ड याच पेटीचा नातू. १९८३ मध्ये मिडी नावाची पद्धत आली आणि प्रत्येक सुराला आकडा मिळाला. मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१. पट्टी बदलायची म्हणजे सगळ्या आकड्यांतून दोन वजा करायचे. जुन्या टेपवर दोन पायऱ्या उतरायच्या तर टेप जवळजवळ ११ टक्के मंद करावी लागे, मग लयही पडायची आणि आवाज घोगरा व्हायचा. आकड्यांत लय तशीच राहते. फक्त तालाचे आकडे हलवायचे नाहीत, कारण तिथे प्रत्येक आकडा एक वेगळं वाद्य असतो. भाच्याने हे आधी वाजवून ठेवलं, मग खालाचा आवाज वर घेतला. मध्येच धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान गेलं, तेव्हा एक कडवं पुन्हा घ्यावं लागलं.

ऐकून खाला म्हणाली, "गाणं माझंच आहे, पण ही मी नाही. मी वर गायचे."

हे वाक्य मला झोंबलं. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या आठवल्या. त्या काळच्या सगळ्या तबकड्या एकाच वेगाने फिरत नसत. आज चुकीच्या वेगाने लावली तर पट्टी बदलते, आणि आपण समजतो की उस्ताद असेच गात होते. खालाच्या बाबतीत तर आम्ही जाणूनबुजून तेच केलं होतं. पन्नास वर्षांनी कोणी हे ऐकेल आणि म्हणेल, बिरसीच्या बायका काळी तीनमध्ये गात होत्या.

म्हणून वहीत लिहून ठेवलं : 'मूळ पट्टी काळी चार. वय झाल्यामुळे काळी तीनमध्ये घेतलं.' आणि खालाच्या हट्टापुढे हरून एक कडवं कीबोर्डशिवाय, नुसत्या परातीवर, काळी चारमध्येही घेतलं. त्यात आवाज फाटलेला आहे. भाचा म्हणाला, हे पुसून टाकू का?

मी नको म्हणालो. उतरवलेल्या पट्टीतलं गाणं नातवंडांना शिकायला उपयोगी पडेल. पण खाला कुठे गात होती, हे सांगणारा पुरावा त्या फाटलेल्या कडव्यातच आहे. इतिहास लिहिताना आपण बऱ्याचदा आपल्या गळ्याला झेपेल अशी पट्टी धरतो. धरावी, त्यात पाप नाही. किती पायऱ्या उतरलो, तेवढं मात्र लिहून ठेवावं.