खामगावचा कापूस आणि मनातला भाव

श्रोतेहो, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पैशाच्या उलाढालीची गोष्ट निघाली की खामगावचं नाव घ्यावंच लागतं. वऱ्हाडातली ही कापसाची मोठी पेठ. जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तो या कापसाच्या बळावर.

त्याच्या थोडं आधी या कापसानं साऱ्या मुलखाला वेड लावलं होतं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. भाव कडाडले. मुंबईत तर पैसा मावेना. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन मात्र अजून पाण्याखालीच होती! एप्रिल १८६५ मध्ये युद्धाचा निकाल लागला, कापूस उतरला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली आणि भलेभले बुडाले. प्रेमचंद रायचंदांसारखा मातबरही त्यातून सुटला नाही.

ही माणसं अडाणी नव्हती. मग फसली कशी? मनाचा अभ्यास करणारं शास्त्र याचं उत्तर देतं. डॅनियल कानेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिलं, की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं असतं. म्हणून भाव पडला तरी आपण विकत नाही; ‘मुद्दल तरी निघू दे’ म्हणत बसून राहतो. शिवाय कमावलेला शेजारी गावभर सांगतो, बुडालेला घरात गप्प बसतो. आपल्या कानावर एकच बाजू येते.

आजचं बिटकॉइन याच मनावर चालतं. २००९ साली ते सुरू झालं. त्याचा हिशेब हजारो संगणकांवर असतो आणि नाण्यांची संख्या दोन कोटी दहा लाखांपलीकडे जायची नाही, असा नियम आहे. वही पक्की, पण भाव? तो लोकांच्या मनात. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक नाणं सुमारे ६९ हजार डॉलरला होतं. वर्षभरात ते १६ हजारांच्या खाली आलं. पुढे ते पुन्हा लाखाच्या वर चढलं, हेही खरं. पण दरम्यान ज्याला मुलीच्या लग्नासाठी पैसा काढावा लागला, त्याचं काय? आपल्याकडे १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

१८६५ साली भाव गेला तरी शेतकऱ्याच्या घरात कापूस उरला होता. सूत निघत होतं, गादी भरता येत होती. या नाण्याचा भाव गेला, तर हाती काही उरत नाही. म्हणून सोयाबीनच्या पट्टीचे पैसे मोबाईलवरून तिकडे वळवण्याआधी, तरुण मित्रांनो, कमावलेल्याला विचारलंत तसं एकदा गमावलेल्यालाही गाठून विचारा.