प्रभातचे डबे आणि ऑर्कुटचा कट्टा



आपल्या या भागाला ज्यांचे नाव आहे ते हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. दिल्लीच्या टेकडीवर रुजलेले हे नाव मूळचे कोल्हापूरकडचे. त्याच कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’चा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

मी सिनेमाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा माणूस. पण या चित्रपटांचा आमच्या खात्याशी जुना संबंध आहे. सिनेमाचे डबे रेल्वेच्या पार्सलनेच गावोगाव जात. हजार फुटांचे रीळ म्हणजे पडद्यावर जेमतेम ११ मिनिटे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे आणि ती भलतीच ज्वालाग्राही. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असल्यामुळे ती पाण्यानेही विझत नाही. आग लागली नाही तरी वर्षे उलटली की ती चिकट होते, मग तिची भुकटी होते. पुष्कळ रिळे तर त्यातली चांदी काढण्यासाठी विकली गेली. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज नाही.

हे वैभव जपण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याआधी १९६० मध्ये प्रभातच्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. तरीही जानेवारी २००३ मध्ये तिथल्या तिजोरीवजा कोठीला आग लागली आणि नायट्रेटची असंख्य रिळे नष्ट झाली.

मी २००५ मध्ये बदलीवर दिल्लीला आलो. त्यानंतर लवकरच ऑर्कुटची लाट आली. ड्यूटी संपली की सायबर कॅफेत जाऊन जुन्या मराठी सिनेमांच्या गप्पा वाचायच्या, हा माझा नेम. अमेरिकेतला कोणी, नागपूरचा कोणी, सगळे एकाच कट्ट्यावर! आमच्या शेजारी कोल्हापूरचे एक काका राहत. लहानपणी त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून ‘शेजारी’ (१९४१) पाहिला होता. शेवटी धरण फुटते तेव्हा थिएटरातली माणसे कशी उठून उभी राहिली, हे ते हात वर करून सांगत. मी ते सगळे ऐकून रोमन अक्षरांत टाइप केले आणि ऑर्कुटवर टाकले. आलेली उत्तरे काकांना वाचून दाखवली की ते दोन दिवस खुशीत असत.

काका २०११ मध्ये गेले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. जुन्या चर्चा काही काळ नुसत्या वाचता येत, पुढे त्याही गेल्या. मी एकाही पानाची नक्कल ठेवली नव्हती. वाटले होते, इंटरनेटवर आहे म्हणजे कायमचे आहे.

हिशेब केला तर गंमत दिसते. नाशवंत म्हणून बदनाम असलेल्या फिल्मवरचा ‘संत तुकाराम’ आपण आजही पाहतो, कारण कोणीतरी त्याच्या प्रती काढल्या, त्या जपल्या. ऑर्कुटला पुरती अकरा वर्षेही मिळाली नाहीत. आज आपण फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भरभरून लिहितो, त्याचीही खात्री कोण देणार?

म्हणून एक नम्र विनंती. या दहा दिवसांत मंडपात येणाऱ्या ज्येष्ठांपाशी घटकाभर बसा. कोणता चित्रपट, कोणत्या गावी, कोणाबरोबर पाहिला ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या. त्यातले चार पुढच्या स्मरणिकेत छापू. काकांची आठवण माझ्या हातून निसटली, तुमच्या घरातली निसटू नये.

गणपती बाप्पा मोरया!