‘मार्स-५००’मधील दिनचर्या : शब्द, मौन आणि मोजमाप

३ जून २०१० रोजी मॉस्को येथील जैववैद्यकीय समस्या संस्थेच्या आवारात सहा पुरुष एका बंदिस्त वास्तूत शिरले आणि त्यांच्यामागे दार लावून घेण्यात आले. ते उघडले ४ नोव्हेंबर २०११ रोजी. मधल्या ५२० दिवसांत ते मंगळावर जाऊन परतले, असे मानावयाचे होते. प्रत्यक्षात त्यांनी मॉस्कोची वेसही ओलांडली नव्हती. ‘मार्स-५००’ नावाच्या या प्रयोगाच्या तांत्रिक बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्या सहा जणांच्या दिनचर्येकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहावयाचे आहे. माणसे आपल्या दिवसाविषयी जे सांगतात त्यावर कितपत विसंबावे, हा दैनंदिन जीवनाच्या इतिहासकारास नेहमी अडविणारा प्रश्न येथे विशेष स्वच्छ रूपात समोर येतो.

या संस्थेत अशा प्रयोगांची परंपरा जुनी आहे. ५ नोव्हेंबर १९६७ पासून वर्षभर मानोव्त्सेव, बोझ्को व उलिबिशेव असे अनुक्रमे वैद्य, जीवशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ तेथे कोंडून घेऊन राहिले होते. वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा प्यावयाचे आणि जोडून असलेल्या हरितगृहात भाजी पिकवावयाची, असा तो संसार होता. बोझ्को यांनी ठेवलेली दैनंदिनी पुढे प्रसिद्ध झाली. त्या वर्षाचे अंतरंग आपणांस कळते ते मुख्यत्वे तिच्यावरून. पुढे १९९९-२००० मधील प्रयोगात निरनिराळ्या देशांच्या गटांत असा बेबनाव झाला की, दोन कक्षांमधील दार काही काळ बंद ठेवावे लागले. त्यामुळे तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन व एक चिनी अशा नव्या चमूत एकोपा टिकतो की नाही, याकडे सर्वांचे लक्ष लागणे स्वाभाविक होते.

दिनचर्या वरकरणी साधीच होती. सात दिवसांचा आठवडा, त्यात दोन दिवस सुटीचे. रात्री पहाऱ्याची पाळी. रक्त व मूत्र यांचे नमुने देणे, व्यायाम, साफसफाई, शंभराहून अधिक प्रयोगांपैकी त्या दिवशीचे काम. प्रत्येकास निजावयास सुमारे तीन चौरस मीटरांची खोली मिळाली होती. जेवणातील मिठाचे प्रमाणदेखील संशोधकांनी ठरवून दिलेले होते. म्हणजे ताटातील अन्न हे एकाच वेळी भोजन आणि प्रयोगसामग्री होते. फेब्रुवारी २०११ मध्ये स्मोलेयेव्स्की, उर्बिना व वांग युए हे तिघे ‘मंगळावर उतरले’ आणि वाळू पसरलेल्या दालनात अंतराळवेष घालून तीनदा फेरफटका झाला. त्यानंतर उरले परतीचे आठ महिने, ज्यांत वाट पाहावी असे काहीच नव्हते.

भाषेच्या अभ्यासकास याहून महत्त्वाची वाटते ती संभाषणाची व्यवस्था. पृथ्वीपासूनचे कल्पित अंतर वाढले तसा निरोप पोहोचण्यास मुद्दाम विलंब लावण्यात आला. तो एका दिशेने सुमारे बारा मिनिटांपर्यंत गेला. प्रश्न व उत्तर यांत असे अंतर पडले की संभाषण संपते आणि पत्रव्यवहार सुरू होतो. मध्येच थांबविणे, हुंकार देणे, समोरच्याचा स्वर ओळखून आपला शब्द मागे घेणे, ही बोलण्याची सारी अंगे गळून पडतात. आत मात्र रशियन व इंग्रजी यांच्या आधारे सहा जणांचे समोरासमोरचे बोलणे चालूच होते. भांडणांची जी नोंद या सदस्यांनी स्वतः केली, तीत आपसांतील भांडणांच्या सुमारे पाचपट भांडणे बाहेरील नियंत्रण-कक्षाशी झालेली आढळतात. ज्याच्याशी रोज एकाच मेजावर जेवावयाचे, त्याच्याविषयीचा राग, बारा मिनिटे दूर असलेल्या माणसाकडे वळविणे अधिक सोयीचे असावे, असा माझा तर्क आहे.

परंतु या नोंदींना दुसरा साक्षीदार आहे. प्रत्येकाच्या मनगटावर हालचाल व प्रकाश टिपणारे उपकरण बांधलेले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, दिवस सरत गेले तशी जागेपणीची हालचाल मंदावली, झोप व विश्रांती वाढली; अखेरच्या दिवसांत हालचाल पुन्हा वाढली. एका सदस्याचे झोपेचे चक्र २४ तासांऐवजी २५ तासांच्या जवळ सरकल्याने इतर जागे असताना तो निजलेला असे. एकोप्याच्या वृत्तान्तात न दिसणारी ही एकटेपणाची कथा मनगटाने सांगितली.

तरीही उपकरणास अंतिम साक्षीदार मानणे चूक ठरेल. माणूस किती वेळ पडून होता हे ते सांगते. कंटाळ्याने, दुःखाने की शहाणपणाने पडून होता, हे सांगत नाही. त्यासाठी पुन्हा शब्दांकडेच यावे लागते. बोझ्को यांच्या काळी इतिहासकारास दैनंदिनीतील मौनाचा केवळ अंदाज बांधता आला असता. ‘मार्स-५००’मध्ये त्या मौनाची लांबी मोजता येते, अर्थ मात्र लावावाच लागतो.

या प्रयोगाची मर्यादा उघड आहे. त्यात भारहीनता नव्हती, किरणोत्सर्गाचे भय नव्हते आणि दारापलीकडे मॉस्को होते. प्रकृती बिघडल्यास दार उघडता येईल, हे सहाही जणांस ठाऊक होते. ते उघडावे लागले नाही, हे त्यांचे यश निःसंशय मोठे आहे. पण जे दार उघडता येतच नाही त्याच्या आड माणूस कसा बोलेल आणि कशाविषयी गप्प राहील, हे त्या ५२० दिवसांवरून ठरविता येत नाही.